वाघाला दाखवायचं तोंड

आमच्या वाचनालयात काय मिळत नाही ते सांगा! पुस्तकं मिळतात, हे ओघानं आलंच. पण लग्नघरी लागणारा मोठा कुकर मिळतो, छपरावरचे कवेलू बदलायला शिडी मिळते, बीपी मोजायचं यंत्र मिळतं, आणि गावात दुसरीकडे कुठेच न मिळणारी मोबाईलची रेंजसुद्धा मिळते! बुद्धविहाराशेजारच्या एका खोलीत, दोन मोडक्या कपाटांवर सुरू झालेलं हे वाचनालय. आज मोहर्लीच्या रस्त्यावर कोणालाही विचारा, थेट दारात आणून सोडतील. सकाळी वनरक्षक भरतीवाली पोरंपोरी अभ्यासाला, दुपारी जंगल सफारीच्या जिप्सीवरचे गाईड इंग्रजी घोकायला, संध्याकाळी बाया बचतगटाच्या मीटिंगला. आणि या सगळ्याचा ग्रंथपाल कोण? मी, हरिदास!

यंदा मी जाहीर केलं, वाचनालयातर्फे मुखवटे वाटायचे!

आता तुम्ही म्हणाल, नाटक बसवताय का? नाही हो. आमच्याकडे उन्हाळा लागला की मोह गळतो. फुलं वेचायला बाया उजाडायच्या आत जंगलात जातात, आणि वाकलेल्या माणसाच्या मागून वाघ येतो. डोळ्याला डोळा भिडला तर तो सहसा पुढे येत नाही, असं जाणते सांगतात. म्हणून डोक्याच्या मागच्या बाजूला माणसाचं तोंड बांधायचं. वाघाला वाटतं, बाई आपल्याकडेच बघतेय!

खरं सांगू? हे माझ्या डोक्यात आलं ते देवकाबाईमुळे. ती तळ्याकाठी राहते. तिचा नवरा मनसाराम तळ्यात मासे धरायचा आणि मोहाच्या दिवसांत तिच्या मागे मागे जंगलात जायचा. ती वेचायची, तो पाठीशी उभा राहून खाकरायचा. तो तापानं गेला, आणि गेल्या मोहाला देवकाबाई घराबाहेरच पडली नाही. वर्षाचं मीठमिरची मोहावर चालवणारी बाई! यंदाही ती बसून राहिली, तर तिच्या चुलीचं काय होणार हे सगळ्या गावाला दिसत होतं. मला घास गोड लागेना.

समितीची मीटिंग झाली. आमचे अध्यक्ष बापूराव यांनी मुद्द्यालाच हात घातला, "तोंड कोनाचं छापाचं?"

"सरपंचाचं छापा," कोणीतरी म्हणालं.

"मंग विरोधी पार्टीच्या बाया बांधतीन का?"

"पोलीसपाटलाचं?"

"त्याले पाहून वाघ हसन!"

शेवटी ठरलं की ओळखीचं तोंडच नको. मी इंटरनेटवरून एक झुपकेदार मिशीवाला, डोळे वटारलेला गडी शोधला आणि चंद्रपूरच्या एका फ्लेक्सवाल्याला पाठवला. जातंच आहे काम, तर म्हटलं सोबत आपलंही उरकून घ्यावं! 'आपले ग्रंथपाल' अशी दारावर लावायची पाटी सांगितली, आणि माझा पासपोर्ट फोटो पाठवला. घोळ नको म्हणून फोनवर बजावलंसुद्धा, "नीट ऐका! जो भयानक दिसतो तो मुखवट्याला, आणि जो सज्जन दिसतो तो पाटीला!"

गठ्ठा आला तो मोह गळायला लागल्यावरच. मी सगळ्यांसमोर ऐटीत सुतळी कापली, वरचा मुखवटा उचलला, आणि माझीच माझ्याशी गाठ पडली! खालचा उचलला, मीच. त्याखालचाही मीच! आणि पाटीवर तो मिशीवाला गडी छान रुबाबात बसला होता, खाली लिहिलं होतं 'आपले ग्रंथपाल'.

मी फोनवर फ्लेक्सवाल्यावर कडाडलो. तो शांतपणे म्हणाला, "तुमीच तं सांगतलं ना साहेब, भयानक दिसते तो मुखवट्याले!"

परत छापून घ्यायला वेळ नव्हता. मी मनाशी म्हटलं, वाघाला काय कळतं कोण हरिदास! वाटून टाकले. बाया तोंडाला पदर लावून हसल्या, पण घेऊन गेल्या. देवकाबाई तेवढी आली नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे गावाबाहेरच्या वाटेनं बायांची रांग निघाली. प्रत्येकीच्या डोक्यामागे मी! सफारीला निघालेली एक जिप्सी थबकली म्हणे. आतल्या पाहुण्यांची बोबडी वळली. आमच्याच वाचनालयात इंग्रजी शिकलेल्या गाईडनं त्यांना समजावलं, "सर, लायब्ररी मॅन! व्हेरी डेंजर!"

दुपारी बापूराव घाम पुसत वाचनालयात आले. "हरिदासभाऊ, हे काई बराबर नाई!"

"काय झालं?"

"अवो, माही घरवाली गिरजा पुढं चालून राह्यली होती अन् मी मांगं. सारा रस्ता तुमी माह्याकडं टकमक पाहून राह्यले! मी बिडी पेटवली, तं तुमी पाहून राह्यले. मी झाडामांगं गेलो, तं तुमी..."

"बापूराव, तो मुखवटा आहे!"

"मालूम आहे मले! पन लाज तं लाज असते ना!"

पाठोपाठ एक बाई तो मोठा कुकर घेऊन आली. कधीचा नेलेला, आम्ही त्याची आशाच सोडली होती. मग शिडी आली. मग पुस्तकांवर पुस्तकं यायला लागली, काहींची कव्हरं उंदरांनी वाचून संपवलेली. मी खूश! म्हटलं, मुखवट्याचा हा तर दुहेरी फायदा.

"फायदा नाई जी," कुकरवाली म्हणाली. "पुढच्या बाईच्या डोक्यामांगं तुमी दिसता, तं कुकरचीच याद येते. मोह वेचनं होत नाई. आमी उद्यापासून नाई बांधत."

आणि खरंच, दुसऱ्या दिवशी बहुतेक बाया मुखवट्याविना गेल्या. माझं हसू मावळलं. माझ्या एका पाटीच्या हौसेपायी इतक्या जणींच्या पाठी उघड्या पडल्या होत्या. त्या सगळ्या परत येईपर्यंत मी वेशीवर उभा होतो.

त्या दुपारी मी देवकाबाईला बोलावून घेतलं. तिच्या हातात एक मुखवटा ठेवला. तिनं पदरानं मुखवट्यातल्या माझ्या गालावरची धूळ पुसली, मुखवटा टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "तुमी चांगले आहा, हरिदासभाऊ. तुमच्या तोंडाले मी नाव नाई ठेवत. पन माह्या मांगं मनसाराम चालत होता. त्याच्या जागी दुसऱ्याचं तोंड बांधून मी कशी जाऊ जी?"

माझे डोळे भरून आले. उगाच कपाटाकडे तोंड करून मी पुस्तकं नीट लावत राहिलो.

कोपऱ्यात सुरेंद्र फोन चार्जिंगला लावून बसला होता. हा झाडीपट्टीतल्या नाटकांचे पडदे आणि बोर्ड रंगवतो. तो म्हणाला, "काकू, मनसारामभाऊचं तोंड काढून देऊ का? याच्याच वरतून?"

याच्याच म्हणजे माझ्याच! देवकाबाईनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "काढ बाबा, काढ!"

सुरेंद्रनं घरून रंगाचे डबे आणले. पहिला फराटा माझ्या नाकावर बसला. थोड्या वेळात मी नाहीसा झालो आणि माझ्या जागी एक माणूस आला. देवकाबाईनं पाहिलं आणि ती दोन पावलं मागे सरकली. "अवो, हा तं कोनी डाकू दिसून राह्यला! माहा मनसाराम असा नव्हता!"

"काय करू काकू, हाताले खलनायकाचीच सवय आहे," सुरेंद्र ओशाळला. "फोटो नाई का एखादा?"

तिनं आधार कार्ड काढलं. त्यावरचा फोटो पाहून मनसारामनं स्वतःलाही ओळखलं नसतं!

मग अभ्यास करणारी एक मुलगी उठून आली. "काका हसे तं एकाच बाजूनं हसे."

"कान मोठे होते त्याचे," बापूराव म्हणाले. "अन् कानावर बिडी!"

"तळ्याकडं पाह्यताना डावा डोळा बारीक करे," गाईड म्हणाला.

"भुवया खाली घे, भुवया!" हा मी.

सगळं वाचनालय सुरेंद्रच्या खांद्यावर ओणवं झालं. तो पुसायचा, काढायचा, शिव्या द्यायचा, पुन्हा काढायचा. मनसारामला आम्ही सगळे रोज बघत होतो, पण तो आमच्याकडे एवढा शिल्लक आहे हे त्या दुपारीच कळलं. कानावरची बिडी काढून झाली तसा सुरेंद्रनं ब्रश खाली ठेवला. देवकाबाई बराच वेळ बघत राहिली. तिनं बिडीपाशी बोट नेलं, ओला रंग म्हणून परत घेतलं.

"आता खाकरन, असं वाटते," ती म्हणाली.

तेवढ्यात बापूरावांची गिरजाबाई पुढे झाली आणि तिनं आपला मुखवटा सुरेंद्रच्या पुढ्यात आदळला. "मले माह्या सासूचं काढून दे!"

"माह्या मायचं?" बापूराव दचकले. "काऊन?"

"तिच्यापुढं तुमी उभे राहत नाई, वाघ काय राह्यते!"

मग रांगच लागली. कोणाला बाप हवा होता, कोणाला थोरली बहीण, एकीला तर शाळेतल्या गणिताच्या मास्तरीणबाई हव्या होत्या. सुरेंद्र अंधार पडेपर्यंत मला पुसत होता. काहींच्या भुवया डाकूच्याच राहिल्या, पण वाघासाठी त्या काही वाईट नव्हत्या.

पहाटे मी वेशीवर गेलो. बाया टोपल्या घेऊन निघाल्या होत्या, आणि त्यांच्यात देवकाबाई होती. माझ्याजवळ येऊन थांबली. मागे हात नेऊन तिनं मुखवट्याची दोरी चाचपली.

"हरिदासभाऊ, मले तं दिसत नाई. तुमाले दिसून राह्यला का?"

"दिसून राह्यला."

"माह्याच मांगं आहे ना?"

"अगदी मागेच आहे देवकाबाई. जा तुम्ही बिनघोर."

ती गेली. वाकडं हसणारा मनसाराम बराच वेळ माझ्याकडे बघत बघत झाडांत शिरला.

सगळ्यांत शेवटी आमच्या सौ. आल्या, अंजना. आणि तिच्या डोक्यामागे कोण? मी! पासपोर्ट फोटोतला, जसाच्या तसा. एवढ्या गावात हिनं एकटीनं मला पुसू दिलं नव्हतं! माझी छाती अशी फुगली की शर्टाचं बटण तुटायची वेळ आली. मी पुढे होऊन मोठ्या प्रेमानं दोरीची गाठ घट्ट केली आणि हळूच विचारलं, "अंजना, तू गं कसं नाही बदललंस तोंड?"

"काऊन बदलू? हे बरं आहे," ती टोपली सावरत म्हणाली. "मुकाट्यानं मांगं मांगं येते. बोलत नाई!"

यावर माझ्याकडे सडेतोड उत्तर होतं. पण ते दिलं असतं, तर मुखवटाच बरा ठरला असता!