बळीराम पाईकरावांच्या घोट्यांचे प्रकरण

उमरखेडचे निवृत्त एसटी कंडक्टर बळीराम पाईकराव यांचा रक्तदाब वाढला, म्हणून हृदयाच्या डॉक्टरांनी त्यांना गोळी लिहून दिली. रक्तदाब मुकाट्याने खाली आला. गोष्ट तिथेच संपायची. पण महिन्याभरात बळीरामांचे घोटे सुजले.

घोटे हा हृदयाच्या डॉक्टरांच्या अखत्यारीतला विषय नव्हता. "दुसरीकडे दाखवा," ते म्हणाले. दुसऱ्या डॉक्टरांनी अंगात पाणी साठल्याचा निर्वाळा दिला आणि लघवी वाढवणारी गोळी लिहिली. आधीची कुठली गोळी चालू आहे हे त्यांनी विचारलं नाही, बळीरामांनीही सांगितलं नाही. एका साहेबाच्या टेबलावर दुसऱ्या साहेबाचं नाव काढू नये, एवढं नोकरीने त्यांना शिकवलं होतं.

सूज जराशी ओसरली. पण त्या गोळीने रक्तातलं युरिक ॲसिड वाढवलं आणि एका सकाळी पायाचा अंगठा लालबुंद होऊन ठणकू लागला. अंगठा हाडांच्या डॉक्टरांकडे वर्ग झाला. त्यांनी दुखणं मारणारी जालीम गोळी दिली. अंगठा गप्प बसला, मात्र त्या गोळीने रक्तदाब चढला. बळीराम पुन्हा पहिल्या दारी. डॉक्टरांनी गंभीरपणे मान हलवली आणि पहिली गोळी दुप्पट केली. घोट्यांनी निर्णयाची तत्काळ अंमलबजावणी केली.

प्रत्येक खात्याचं पथ्यही वेगळं. पहिल्यांनी मीठ, लोणचं, पापड बंद केले. हाडवाल्यांनी डाळी आणि मटण. जालीम गोळीने पोटात आग पडली, तेव्हा पोटाच्या डॉक्टरांनी एक गोळी वाढवून मिरची, आंबट आणि चहा बंद केला. पंचफुलाबाई नवऱ्याला जेवायला वाढत, तेव्हा ताटात मुख्यतः ताटच असे.

"अवो, सारंच बंद, मंग चालू काय हाय?" त्या एकदा कळवळून म्हणाल्या.

"गोळ्या," बळीराम म्हणाले. "त्यायले कोनंच बंदी नाही केली."

नात मैत्रेयी दहावी पास झाली, त्या दिवशी बळीराम पेढे वाटायला उठले आणि उभ्याउभ्या कोसळले. पोरीने किंकाळी फोडली. शेजारचे गफ्फार मिस्त्री त्यांना ऑटोत घालून सरकारी दवाखान्यात घेऊन गेले.

तिथे नव्यानेच आलेल्या डॉ. मेहनाज यांनी सलाईन लावलं आणि पंचफुलाबाईंना सांगितलं, "काकांच्या घरातल्या सगळ्या गोळ्या घेऊन या."

पिशवी टेबलावर पालथी झाली. कोणती गोळी कधी सुरू झाली, मग काय सुजलं, मग काय दुखलं, हे डॉक्टरबाईंनी शांतपणे विचारून घेतलं.

"काका, तुम्हाला आजार एकच आहे. बाकीचे गोळ्यांनी आणलेत."

त्यांनी तीन गोळ्या थांबवल्या, रक्तदाबाची बदलून दिली आणि म्हणाल्या, "वरण-भाकर खा. मीठ तेवढं बेताने."

घरी पहिला घास घेताना बळीरामांचे डोळे भरून आले. आठवड्या-दोन आठवड्यांत घोट्यांची हाडं दिसू लागली. ते एसटी स्टँडपर्यंत पायी जाऊन आले.

गफ्फार मिस्त्रींनी विचारलं, "कशी हाय डॉक्टरीन?"

"पोरगी सभावानं गोड हाय," बळीराम म्हणाले. "पन हुशार नाही वाटत. तीन गोळ्या काढल्या, अन् बदल्यात साधं टॉनिकबी नाही देल्लं!"

"अरे, मंग काय कामाची?"

"तेच तर म्हनून राह्यलो. मले अशक्तपना वाटते. पुसदले एक मोठा डॉक्टर हाय म्हनतात. सहा-सहा गोळ्या देते!"

बळीराम दुसऱ्याच दिवशी पुसदच्या बसमध्ये बसले. शेजारी जागा धरून गफ्फार मिस्त्री होते. त्यांना काहीच झालेलं नव्हतं, पण एवढा मोठा डॉक्टर म्हटल्यावर काहीतरी निघेल अशी आशा होती.

वाचकहो, हसा खुशाल. फक्त एवढं आठवून पाहा: "तुम्हाला गोळीची गरज नाही," असं ज्या डॉक्टरांनी तुम्हाला सांगितलं होतं, त्यांच्या दारातून बाहेर पडून तुम्ही कोणाकडे गेला होतात?