पणजोबांचे दात आणि हिरोजीची ट्रंक

एका जंगलात, बाळांनो, कोणी कधी कुठे जात नसे. म्हणूनच तिथे जुन्या प्रवासी ट्रंकांचा धंदा जोरात होता.

धंदा हिरोजी साळिंदराचा. जंगलाच्या कडेला माणसांचा एक ओसाड डाकबंगला होता. तिथून तो मोडक्या ट्रंका ओढून आणायचा. पोचे काढायचा, भोकांत लांबी भरायचा, रंग द्यायचा. चामड्याचे पट्टे शिवायला बाजारातली सुई त्याला कधी लागली नाही. पाठीवरचा एक काटा उपटला की झालं.

हिरोजीचा बाप मरताना एवढंच सांगून गेला होता, "पोरा, गिऱ्हाइकाला ट्रंक परत देशील तेव्हा ती कालच जन्मल्यासारखी दिसली पाहिजे." हिरोजीने ते वाक्य काळजात कोरून ठेवलं होतं. काळजाऐवजी डोक्यात ठेवलं असतं तर पुढचं झालं नसतं.

एके दिवशी वाघमहाराजांची ट्रंक दुरुस्तीला आली.

ही ट्रंक साधीसुधी नव्हती. महाराजांच्या पणजोबांनी कुणा साहेबाच्या बैलगाडीवर झेप घेतली होती. साहेब पळाला, ट्रंक राहिली. झाकणाच्या कडेला पणजोबांच्या चार सुळ्यांची भोकं होती, वर दोन, खाली दोन. दरवर्षी राज्याभिषेकाच्या दिवशी महाराज सगळ्यांसमोर त्याच भोकांत आपले सुळे बसवत. याला दातजुळणी म्हणत. दात जुळले की महाराज अस्सल वंशाचे. तसं पाहिलं तर ती भोकं झिजून इतकी मोठी झाली होती, की त्यांत रानडुकराचं नाकसुद्धा बसलं असतं. पण रानडुकराला कोणी विचारलं नव्हतं.

ट्रंकेचं कुलूप तेवढं अडकत होतं. हिरोजीने कुलूप केलं, आणि मग हात शिवशिवले म्हणून बाकीचंही केलं. हिरवागार रंग दिला. पितळ असं घासलं की त्यात मिशा दिसाव्यात.

त्याची बायको चंद्राक्का बाहेर आली. ट्रंकेभोवती एक फेरी मारून म्हणाली, "अहो, पणजोबांचे दात कुठायत?"

"भरले की," हिरोजी म्हणाला. "काय घाण भोकं पडली होती."

चंद्राक्का खाली बसली. हिरोजीला दोन क्षणांनी समजलं, आणि त्याचे सगळे काटे आपोआप उभे राहिले.

"आता महाराज मला सोलतील," तो म्हणाला.

"तुम्हाला सोलणं सोपं नाही," चंद्राक्का म्हणाली. "पण करतील खरं. भोकं कुठे होती ते आठवतंय का?"

जागा त्याला पक्की आठवत होती. बायकोला त्याने बोट लावून दाखवलं. चंद्राक्काने दोन्ही हातांनी झाकण धरलं आणि चार ठिकाणी कडाडून चावा घेतला. वरून चहाचं पाणी आणि चिखल चोळला. ट्रंक झकास जुनी झाली.

राज्याभिषेकाचा दिवस उजाडला. सगळं जंगल जमलं. दरबारचा इतिहास लिहिणारा कोल्हा पुढे झाला, भोकं हुंगली आणि म्हणाला, "अस्सल. यंदा तर पणजोबा अधिकच ठळक दिसतायत."

महाराजांनी जबडा उघडला. सुळे भोकांवर टेकवले. ते आत जाईनात. चंद्राक्काच्या दातांची भोकं पटाशीने पाडल्यासारखी चपटी आणि अरुंद होती. महाराजांनी जबडा वाकडा केला, तिरका केला, श्वास रोखला. हिरोजी मागच्या रांगेत उभा होता.

महाराजांनी शेवटी झाकण नुसतं ओठांत धरलं आणि मोठ्याने गुरगुरले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

दुपारी जंगल सुस्तावलं असताना महाराज एकटेच हिरोजीच्या दुकानात आले. हिरोजीने बायकोकडे शेवटचं पाहून घेतलं.

महाराज खालच्या आवाजात म्हणाले, "हिरोजी, मला फार भीती वाटतेय."

"कशाची, महाराज?"

"ट्रंक तर खोटी असू शकत नाही. कोल्ह्याने दाखला दिलाय. म्हणजे खोटा मीच. माझी आजी जरा मोकळ्या स्वभावाची होती असं ऐकून आहे." महाराजांचे डोळे भरून आले. "तू जुन्या वस्तू नीट करतोस ना? मला ट्रंकेप्रमाणे करून दे."

हिरोजीला खरं सांगायचं होतं. जन्मात पहिल्यांदाच त्याला वाघाची कणव आली होती. त्याने तोंड उघडलंही. "महाराज, त्याचं असं झालं, की ती भोकं..."

"भोकं अगदी बरोबर आहेत," चंद्राक्का मध्येच म्हणाली. "महाराज, आ करा. अहो, कानस आणा."

संध्याकाळपर्यंत काम झालं. महाराजांचे चारही सुळे साळिंदरिणीच्या दातांसारखे चपटे झाले आणि ट्रंकेत चपखल बसले. महाराज आनंदाने रडले. मग घरी जाऊन त्यांनी हरणाची तंगडी चावायला घेतली आणि पुन्हा रडले.

तेव्हापासून महाराज रताळी खातात. कोल्ह्याने त्याची नोंद 'महात्याग' अशी केली आहे. हरणं सुखात आहेत. त्यांतल्या प्रत्येकाच्या घरी आता पणजोबांनी चावलेली एक ट्रंक आहे, आणि चंद्राक्काचा जबडा दुखतो.

हिरोजीने बापाचं वाक्य थोडं बदललं. ट्रंकेला आता तो हात लावत नाही. गिऱ्हाईकच असं करून देतो, की ते कालच जन्मल्यासारखं दिसावं.

तात्पर्य : पूर्वजांच्या ठेव्याशी आपण जुळत नसलो, तर ठेव्यावर संशय घेऊ नये. स्वतःचे दात घासून घ्यावेत. त्यामुळे वंशाची शुद्धता टिकते, आणि हरणांचीही सोय होते.