बुलढाणा येईपर्यंत साचा उघडायचा नाही

थोर माणसांची काळावर हुकमत असते. आमच्या कंगव्यांच्या कारखान्यातले शंकरराव मिस्त्री थोरच म्हणायचे. त्यांची हुकमत मात्र देऊळगाव राजा ते बुलढाणा एवढ्याच काळावर चाले.

कारखाना म्हणजे देऊळगाव राजातली पत्र्याची शेड, हाताने दाबायची तीन यंत्रं, सहा कामगार आणि कारकून मी. वितळलेलं प्लास्टिक साच्यात दाबलं की ते थिजेपर्यंत थांबावं लागे. शेडमध्ये घड्याळ होतं, पण मिस्त्रींचा त्याच्यावर विश्वास नव्हता. ते संथपणे एसटीचे थांबे म्हणत आणि सगळी शेड त्यांच्यामागून म्हणे, "देऊळगाव मही... अंढेरा फाटा... मेरा... चिखली... केळवद... बुलढाणा!" मग मिस्त्री ओरडत, "उघडा बे!"

मालकांना घाई. एकदा म्हणाले, "मिस्त्री, केळवद गाळा. माल जास्त निघेल."

"गाडी केळवदले थांबते, मालक. मंग आपून काऊन नाही थांबाचं?"

मालकांनी स्वतः केळवद गाळून पाहिलं. कंगवा विळ्यासारखा वाकडा निघाला. मिस्त्रींनी तो दारावर टांगला.

ही मोजणी आषाढापासूनची. त्याआधी मिस्त्री चारचौघांसारखे आकडेच मोजत. आषाढात ते एकुलत्या एक मुलीला, कुसुमला, नर्सच्या शिक्षणासाठी बुलढाण्याला पोचवून आले. त्यांच्या गावच्या, सोनाळ्याच्या भाऊबंदांनी बजावलं होतं, "पोरगी बाहेर गेली, का गेलीच समज." मिस्त्रींनी ऐकलं नाही. पण दिवाळीला कुसुमला सुट्टी मिळाली नाही, आणि तेव्हापासून 'बुलढाणा' म्हणताना ते दाराकडे पाहू लागले.

पौषात पत्र आलं : शनिवारी दुपारच्या गाडीने येते. त्या शनिवारी मिस्त्रींनी थांबे उलटे सुरू केले. "बुलढाणा... केळवद... चिखली..."

"आज कुठी जाऊन राह्यले, मिस्त्री?" यंत्रावरच्या विठोबाने विचारलं.

"जाऊन नाही, येऊन राह्यलो. तू हात चालव."

गाडीची वेळ टळली. आणखी एक तास गेला. मिस्त्री पुन्हा पुन्हा बुलढाण्याहून निघत आणि देऊळगाव राजाला येऊन रिकाम्या दाराकडे पाहत.

अखेर दारात ट्रंक वाजली. "बाबा, गाडी पंक्चर झालती."

मिस्त्री तेव्हा चिखलीपर्यंतच आले होते. त्यांनी साचा उघडला, हात पँटला पुसले आणि ट्रंक उचलायला गेले.

दारावर आता दोन कंगवे आहेत. दुसरा त्या शनिवारचा, मालकांनी टांगला. तो पहिल्यापेक्षा जास्त वाकडा आहे.