घैसास आणि सपातांची पेटी

घैसास भाऊजी माणसाच्या तोंडाकडे बघत नाहीत, पायांकडे बघतात. तुम्ही समोर आलात की आधी त्यांची मान खाली जाते आणि मग ते म्हणतात, "एकेचाळीस. रुंद." हाच त्यांचा नमस्कार. मागच्या उन्हाळ्यात तुम्ही टोरांटोहून इथे आलात, तेव्हा रेवा, तुला ते "तेहतीस, पण डावा पाय साडेतेहतीस" म्हणाले आणि तू दिवसभर डावा पाय लपवत फिरलीस. ओमने मला हळूच विचारलं, हे आजोबा डॉक्टर आहेत की चपलांचे दुकानदार? मी "नंतर सांगते" म्हटलं आणि सांगायचं राहिलं. मला राहिलेली कामं आवडत नाहीत, म्हणून आज लिहायला बसले आहे. अडलं तर आईला विचारा.

भाऊजी डॉक्टर नाहीत आणि दुकानदारही नाहीत. ते आणि तुमचे आजोबा इथे जर्मनीत, आखन शहराजवळच्या एका बेअरिंगच्या कारखान्यात तीस वर्षं एकत्र होते. आजोबा माल बनवायचे आणि भाऊजी तो परत पाठवायचे. ते इन्स्पेक्शनला होते. आरशासारख्या पोलादावरून अंगठ्याचं नख फिरवायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "रिजेक्ट." मग मशीनने मोजलं की मशीनही तेच म्हणायचं. नोकरी संपली, पण नख काही निवृत्त झालं नाही. ते दुकानातल्या सफरचंदावरून फिरतं, बसच्या दांड्यावरून फिरतं, आणि माझ्या पुरणपोळीवरून तर फिरतंच. "वहिनी, सरफेस बघा, सरफेस!" असं म्हणत ते रिजेक्ट केलेल्या चार पोळ्या तुपाबरोबर खातात.

आता श्लॉसबद्दल. आमच्या गावाबाहेर जो राजवाडा आहे, त्याला सगळे नुसतं श्लॉस म्हणतात. बुरूज आणि तोफा डोळ्यांसमोर आणू नका. लाल विटा, पांढऱ्या चौकटींच्या उंच खिडक्या, भोवती पाण्याचा खंदक, आणि मधोमध रेघ मारली तर डावी बाजू हुबेहूब उजवीसारखी. ही हॉलंडची बरोक पद्धत. तीनेकशे वर्षांपूर्वी इथल्या एका उमरावाने हॉलंडची मुलगी केली. तिला इथे करमेना. म्हणून तिने तिकडचेच मिस्त्री बोलावून माहेरासारखं घर बांधून घेतलं. तळघरातल्या स्वयंपाकघराच्या निळ्या-पांढऱ्या टाइल्ससुद्धा तिकडून आणल्या.

भाऊजींना ही गोष्ट अजिबात पटत नाही. "माहेर बग्गीने चार दिवसांवर," ते म्हणतात, "आणि त्यासाठी अख्खा राजवाडा! आमची कुमुद साताऱ्याहून आली. एका शब्दाने काही बोलली नाही."

कुमुद म्हणजे त्यांची बायको आणि माझी मैत्रीण. तिला जाऊन चार वर्षं झाली.

त्या हॉलंडच्या बाईंनंतर वाड्यात सैनिक राहिले, मग धान्य साठवलं गेलं, मग कुठल्याशा कचेऱ्या आल्या. छत गळायला लागल्यावर कचेऱ्याही गेल्या. तेव्हा गावकऱ्यांनी फेराइन, म्हणजे मंडळ, काढलं आणि वाडा दुरुस्त करायला घेतला. तुमच्या आजोबांना खिडक्यांचा रंग खरवडायचं काम मिळालं. भाऊजींना मिळाली सपातांची पेटी.

मोठ्या दिवाणखान्यात ओकच्या लाकडाची जुनी जमीन आहे. तिला बूट लागू नयेत म्हणून पाहुण्यांनी बुटांवरून फेल्टच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, मोठाल्या सपाता चढवायच्या आणि घसरत घसरत वाडा बघायचा, अशी इथली रीत. दुसऱ्या कोणी असतं तर पेटीजवळ खुर्ची टाकून पेपर वाचला असता. भाऊजींनी आधी दिवाणखान्याचा नकाशा काढला. कुठली फळी किती झिजली, कुठे चकाकी आहे, कुठे नाही, हे सगळं त्यांनी नखाने तपासून रंगीत पेन्सिलींनी भरलं. मग त्यांच्या लक्षात आलं की फेल्टने जमिनीला पॉलिश होतं. त्या दिवसापासून आमच्या श्लॉसमध्ये पाहुणे वाडा बघायला येतात ही समजूत संपली. पाहुणे जमीन घासायला येतात.

"तुम्ही पंचेचाळीस, वजनदार," ते गावातल्या बेकरीवाल्याला म्हणाले. "तुम्ही शेकोटीसमोरच्या तीन फळ्यांवरून जा. हळू. पाय उचलू नका." तो बिचारा छतावरची चित्रं बघायला आला होता. पेन्शनरांचं गायकमंडळ आलं, तर त्यांना ईशान्येच्या कोपऱ्यात उभं राहून डुलत गायला लावलं. शाळेची सहल आली की भाऊजींना दिवाळी. "चाळीस मुलं म्हणजे ऐंशी पॉलिशर!"

आणि आमचा भोंडला! नवरात्रात आमच्या मराठी मंडळाला हॉल मिळत नव्हता. भाऊजी स्वतःहून म्हणाले, श्लॉसमध्ये करा. आम्ही किती भारावलो. तिथे गेल्यावर कळलं की दिवाणखान्याचा मधला गोल भाग त्यांना चमकवून हवा होता. वीस बायका, नऊवारी, खाली फेल्टच्या सपाता, मध्ये कापडावर काढलेला हत्ती, आणि खांबाजवळ भाऊजी घड्याळ लावून उभे. तिसऱ्या गाण्याला त्यांनी हात वर केला. "थांबा! आता उलट्या दिशेने. एकाच बाजूने झीज होतेय."

"अहो भाऊजी, भोंडला उलटा नाही खेळत!" मी म्हटलं.

"बेअरिंग दोन्हीकडे फिरतं, वहिनी. तुम्हाला काय होतं?"

आम्ही उलट्या फिरलो. खिरापत त्यांनी एका नजरेत ओळखली आणि वड्यांवरून नख फिरवलं. निकाल तुम्हाला माहीत आहेच.

फक्त एका जागी ते कोणालाही जाऊ देत नसत. पश्चिमेकडच्या तिसऱ्या खिडकीपाशी त्यांनी खुर्ची ठेवून दोरी बांधली होती. का, असं विचारलं तर रोज नवं उत्तर. "फळी कच्ची आहे." "कीड लागलीय." एका जर्मन बाईंना तर त्यांनी सांगितलं की तिथे भूत आहे, आणि ते सदतीस नंबरचं आहे.

सपातांची पेटीसुद्धा त्यांनी मागे हलवली होती. पूर्वी ती दिवाणखान्याच्या दारातच असायची. कुमुद गेल्यावर भाऊजींनी ती बाहेरच्या बोळात, खांबाआड नेली. म्हणाले, दारात वारा लागतो.

यंदा वसंतात दिवाणखान्याच्या दुरुस्तीची पाळी आली. फ्राऊ लिंडनर नावाच्या तज्ज्ञ बाई मंडळाने बोलावल्या होत्या. त्यांनी सभेत सांगितलं की वरचा थर खराब झालाय. सगळी जमीन यंत्राने दोन मिलिमीटर घासायची, मग तेल द्यायचं. आम्ही सगळ्यांनी वळून भाऊजींकडे बघितलं. जमीन एकसारखी करा म्हणून मंडळाला सतत पत्रं लिहिणारा हाच माणूस. आता पेढे वाटणार असं वाटलं.

भाऊजी उभे राहिले आणि म्हणाले, "माझा विरोध आहे."

आजोबा मराठीत ओरडलेच. "घैसास! अर्ध्या मायक्रॉनसाठी माझा ट्रकभर माल परत पाठवलास तू! आणि आता खड्डे हवेत तुला?"

"तो माल होता," भाऊजी म्हणाले, आणि खाली बसले. पुढचे दोन आठवडे ते आमच्याकडे आले नाहीत. पोळी फोडणीला टाकायची वेळ आली, तेव्हा मला त्यांची खरी काळजी वाटायला लागली.

फ्राऊ लिंडनर कडक असल्या तरी न्यायी होत्या. घासण्याआधी त्या एकेक फळी तपासणार होत्या. काही जुनी खूण सापडली, तर ती फळी सोडून द्यायची, असा नियम होता. तपासणीच्या दिवशी आम्ही मंडळाचे पाचसहा जण सपाता घालून भिंतीशी उभे होतो. बाई हातात दिवा घेऊन गुडघ्यांवर पुढे सरकत होत्या. पश्चिमेच्या तिसऱ्या खिडकीपाशी आल्या. खुर्ची हलवली, दोरी सोडली. दिवा आडवा धरला आणि एकदम म्हणाल्या, "आख!"

फळीत सात बारीक खड्डे होते. मुगाच्या दाण्याएवढे, एकमेकांच्या जवळ.

"काठीच्या अणीचे," बाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा खुलला होता. "कोणीतरी काठी टेकून बराच वेळ इथे उभं होतं. ही पश्चिमेची खिडकी. हॉलंडची दिशा. कदाचित म्हातारपणी ती स्वतःच..."

मंडळाचे अध्यक्ष आनंदाने उडालेच. सपातांमुळे ते पडता पडता वाचले. वाड्याच्या मालकिणीची काठी! माहितीपत्रकात छापता येईल! भाऊजींनी फक्त गप्प राहायचं होतं. फळी वाचली होती.

मी त्यांच्याकडे बघत होते. त्यांच्या अंगठ्याचं नख दुसऱ्या हाताच्या तळव्यावरून फिरत होतं.

"नाइन," ते म्हणाले, म्हणजे नाही.

ते बोळात गेले. पेटी उघडल्याचा आवाज आला, सपाता उपसल्याचा आवाज आला, आणि ते कुमुदची काठी घेऊन आले. पेटीच्या तळाशी ठेवली होती. काठीच्या टोकाला लोखंडी अणी होती. बर्फात घसरू नये म्हणून इथे काठीला अशी अणी लावतात आणि घरात आलं की वर दुमडतात. बाजारातली अणी भाऊजींनी रिजेक्ट करून ही स्वतः घडवली होती. ती इतकी घट्ट बसली की कुमुदला कधी दुमडताच आली नाही.

मग मलाही तो दिवस आठवला. वाडा नुकताच पाहुण्यांसाठी उघडला होता. कुमुदचे पाय सुजलेले, एकही सपात चढेना, म्हणून ती मोज्यांवरच आत आली आणि खिडकीपाशी उभी राहिली. थोड्या वेळाने भाऊजींचं लक्ष गेलं आणि ते सगळ्यांसमोर ओरडले, "कुमुद! सरफेस!"

ती हसून म्हणाली होती, "अहो, तीनशे वर्षांत मी एकटीच चुकले का?"

पुढच्या फेब्रुवारीत ती गेली.

भाऊजी फ्राऊ लिंडनरांसमोर खाली बसले आणि त्यांनी अणी एका खड्ड्यात ठेवली. बरोबर बसली. "हे माझ्या बायकोच्या काठीचे आहेत," त्यांनी जर्मनमध्ये सांगितलं, रिपोर्ट द्यावा तसं. "अणी मी बनवली. चूक माझी. खोटी नोंद करू नका." मग म्हणाले, "ती इथून बाहेर बघत होती. पश्चिमेला. तिला या देशात करमत नसावं. मी कधी विचारलं नाही."

अध्यक्ष आपल्या सपातांकडे बघत होते.

फ्राऊ लिंडनरांनी पुन्हा दिवा आडवा धरला. बराच वेळ बघितलं. "हेर घैसास," त्या म्हणाल्या, "काठी माणूस आपल्या पुढ्यात टेकतो. मूठ आपल्याकडे, टोक पुढे. हे खड्डे तिरके आहेत. बघा, सगळे एकाच बाजूला तिरके. या बाईंची पाठ खिडकीकडे होती."

"अशक्य," भाऊजी म्हणाले.

"तुम्ही बघा."

भाऊजी उठले. खिडकीकडे तोंड करून उभे राहिले आणि काठी खड्ड्यात टेकली. अणी बसेना, कडेवर अडली. मग ते सावकाश वळले. अणी आत गेली. काठीवर दोन्ही हात ठेवून ते कुमुदच्या जागी उभे होते, आणि त्यांच्या थेट समोर दिवाणखान्याचं दार होतं. तेच दार, जिथे तेव्हा पेटी असायची आणि पेटीपाशी वाकून भाऊजी लोकांच्या पायांत सपाता चढवत असायचे.

मला कुमुदचं तेव्हाचं बोलणं आठवत होतं. त्या दिवशी परतताना ती बसमध्ये मला म्हणाली होती. मी इतकी वर्षं ते विसरून कशी गेले, कोण जाणे. मी भाऊजींना तिथेच सांगितलं. "ती म्हणाली, घरी स्वतःचे मोजे सापडत नाहीत यांना, आणि इथे बघ, प्रत्येकाचा पाय कसा जपून हातात धरतात. बघतच राहावंसं वाटलं."

भाऊजींनी मान खाली घातली. पण त्या वेळी ते कोणाचे पाय बघत नव्हते.

फ्राऊ लिंडनरांनी खिशातून खडू काढला, त्या फळीभोवती चौकोन काढला आणि आत लिहिलं, 'राहील'.

"पण ही खूण जुनी नाही," अध्यक्ष म्हणाले.

"नियमात जुनी असं लिहिलंय," बाई म्हणाल्या. "किती जुनी, ते लिहिलेलं नाही."

भाऊजींनी नाक ओढलं, डोळे पुसले आणि खाली वाकून खडूच्या रेघेवरून नख फिरवलं. "मग ही फळी बाकीच्यांपेक्षा दोन मिलिमीटर वर राहील," ते म्हणाले. "रिजेक्ट."

"या," बाई म्हणाल्या, म्हणजे हो. "राहील."

गेल्या रविवारी मी नवी जमीन बघायला गेले. सगळा दिवाणखाना मधासारखा झळकतोय, आणि पश्चिमेच्या तिसऱ्या खिडकीपाशी एक काळपट फळी उंचवट्यासारखी वर आली आहे. दोरी नाही, खुर्ची नाही. सपातांची पेटी बोळातून परत दारात आणली आहे. तिच्याशेजारी भाऊजी गळ्याभोवती दोन मफलर गुंडाळून बसले होते, आणि उघड्या दारातून वारा नुसता भणाणत होता.

"भाऊजी, इथे वारा नाही लागत?" मी विचारलं.

"लागतो," ते म्हणाले, आणि माझ्या पायांकडे बघून छत्तीसचा जोड काढला.