आयजिरेकचं न झालेलं लग्न

आयजिरेकने अमेरिकेला वाग्दत्त वधू म्हणून जायचं की बायको म्हणून, यावर किर्गिझस्तानातल्या तलास गावी तिच्या घरात महिनाभर खल चालला होता. नवरा मुलगा उलान शिकागोत ट्रक चालवायचा आणि आता तिथला नागरिकही झाला होता. इथे लग्न नोंदवून बायकोचा व्हिसा मागायचा तर रांग भलतीच लांब. वाग्दत्त वधूचा रस्ता जवळचा; अट एकच, लग्न तिथे पोचल्यावर करायचं, आधी नाही. फोनवर प्रेम करून करून जीव विटलेल्या आयजिरेकने जवळचा रस्ता धरला.

"म्हणजे इथे लग्नच नाही?" सालकीन आत्याने छातीवर हात ठेवला. अर्ध्या तलासची लग्नं तिने लावली होती.

"नाही आत्या. लग्नासारखं दिसणारंही काही नको. वकिलाने बजावलंय."

"बरं बाई. पण कानात डूल तरी घालायचे ना? सासूने डूल घातल्याशिवाय मुलगी दिली असं कोण म्हणेल?"

डूल घालणं म्हणजे साखरपुडाच. त्याला कुणाचीच हरकत नव्हती, आणि तिथेच घात झाला.

विहीणबाई एकट्या कशा येणार, म्हणून भावकी घेऊन निघाल्या. भावकी येतेय तर मेंढीवर भागवणं शोभेना, म्हणून बाबांनी घोडी कापली. घोडी कापल्याचं कळताच गाव आलं, गाव घरात मावेना म्हणून हॉल घेतला. हॉल आहे तर माइकवर बोलणारा हवा, आणि जो मिळाला त्याला फक्त लग्नाचीच भाषणं येत होती. त्याने पहिल्याच दमात जोडप्याला दहा मुलं होवोत असा आशीर्वाद दिला. जोडप्यातला एक चहाच्या किटलीला टेकवलेल्या फोनमध्ये होता.

"नवऱ्या मुलाची जागा अशी बोडकी नको," म्हणत आत्याने त्या फोनवर पांढरी, लोकरी नमद्याची टोपी चढवली.

टोपीखाली झाकलेला आपला मुलगा बघून विहीणबाईंना रडूच फुटलं. त्या भरात त्यांनी पिशवीतून नव्या सुनेचा पांढरा रुमाल काढला आणि आयजिरेकच्या डोक्याला बांधूनही टाकला.

"अहो विहीणबाई, आज नको!" आई कळवळली.

"डोकं हाताशी आलंय, आता कशाला सोडू?"

संध्याकाळपर्यंत 'लग्नाच्या शुभेच्छा' घेऊन ते फोटो सगळ्या तलासभर फिरले. आणि तिथून अमेरिकेच्या वकिलातीतही पोचले.

व्हिसाच्या मुलाखतीला खिडकीपलीकडे बसलेल्या अधिकारी बाईंची किर्गिझ अडखळती होती, पण नजर अडखळत नव्हती. "हॉल, घोडीचं मांस, पांढरा रुमाल," त्या संगणकाकडे बघत म्हणाल्या. "मी इथली लग्नं जेवलेय. तुमचं लग्न झालंय. तुम्ही वाग्दत्त वधू नाही."

"मग बायकोचा व्हिसा द्या!"

"लग्न नोंदवलेलं नाही. तुम्ही बायकोही नाही." त्यांनी मान तिरकी केली. "आणि टोपी घातलेलं हे काय आहे?"

"ते उलान," आयजिरेक पुटपुटली.

आता नकार म्हणजे पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा तो फोन. तिला रडू येणार होतं, पण त्याआधी रागच आला.

"बाई, शेवटचा फोटो बघा."

तो त्याच रात्री तिच्या चुलतबहिणीने चिडवायला काढला होता. बाह्या वर सारलेली, घामाघूम आयजिरेक, आणि समोर खरकट्या भांड्यांचा डोंगर.

"हे कुणाचं स्वयंपाकघर?" बाईंनी विचारलं.

"आमचं. माझ्या आईचं! तुम्ही लग्नं जेवलायत ना? मग सांगा, लग्न झालेली किर्गिझ मुलगी त्या रात्री कुणाची भांडी घासते?"

बाईंनी संगणकावरून मान वर केली. "सासूची."

"रुमाल कुणीही बांधेल हो. पण माझं लग्न झालं असतं तर सासूबाईंनी मला आईची एक बशी तरी विसळू दिली असती का? त्या दिवशीच घेऊन गेल्या असत्या! मी अजून आईच्याच घरी घासतेय."

बाईंनी ओठ दाबून धरले, पण हसू फुटलंच. शेजारच्या खिडकीतला अधिकारीही वळून बघायला लागला.

"आणि शिकागोत कोण घासणार?"

"उलान. आत्तापासून शिकायला बसवलाय."

शिक्का बसला. केवढा गोड आवाज होता तो! आयजिरेक बाहेर आली ती दोन्ही हात वर करूनच. फाटकापाशी दोन गाड्या भरून भावकी उभी होती. आई रडली, बाबांनी उगाचच गाडीचा हॉर्न वाजवला, आणि विहीणबाईंनी तिच्या तोंडभर मुके घेतले. "जिंकलीस गं पोरी!"

सालकीन आत्या मात्र कपाळाला आठ्या घालून उभी होती.

"आत्या, तुला आनंद नाही झाला?"

"झाला गं. पण लग्न तिथे होणार ना? मग लावणार कोण?" आत्याने पदरासारखी शाल खोचली आणि वकिलातीच्या फाटकाकडे वळली. "आत विचारून येते, आत्याने कुठल्या रस्त्याने जायचं असतं ते."