आवाज जाहिरातीला चढवायचा

सुमनमावशीच्या घरी गेलात तर तुमच्या चपला बाहेर राहत नाहीत. उंबऱ्यात पाय ठेवायच्या आत मावशी खाली वाकते, तुमच्या पायातल्या चपला जवळजवळ ओढून काढते आणि दाराआड ठेवलेल्या सिमेंटच्या गोणीत टाकते. चार माणसं आली तर चारांच्या, दहा आली तर दहांच्या. बाहेर फक्त तिच्या स्वतःच्या निळ्या स्लीपर. परत निघताना गोणी उलटी करतात आणि ज्याला जे मिळेल ते तो घालतो. एकदा मी एक पाय माझा आणि एक पाय गवंड्याच्या बायकोचा, अशी सोमवारी ऑफिसात गेले होते.

“बाहेर चपला दिसन्यात की लोक मोजतस,” मावशी म्हणते. “लोकस्ले मोजाले दुसरं काम नही.”

मी नवापूर तालुक्यातल्या एका पाड्यावरची. आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते, कारण त्यासाठी मी जे केलंय ते मला माहीत आहे. परीक्षा देऊन पंचायत समितीत नोकरी मिळवली आणि नंदुरबारच्या बाहेर, बायपासकडच्या एका नव्या कॉलनीत खोली घेतली. घरमालक पाटीलभाऊ. वरती ते आणि वहिनी, खाली पुढच्या दोन खोल्यांत सुमनमावशी, मागच्या खोलीत मी.

खोली घेताना भाऊंनी विचारलं, “आडनाव काय?” मी म्हटलं, “गावीत.” त्यांनी मान हलवली आणि पुढं काही विचारलं नाही. आम्ही ख्रिस्ती, हे मीही सांगितलं नाही. हल्ली चार माणसं प्रार्थनेला बसली की पाचवा बाहेर मोबाईल काढून उभा असतो. त्यात माझी नोकरी नवी, अजून कायम व्हायची होती. म्हणून दसऱ्याला मी दाराला झेंडूचं तोरण लावलं. बाहेर येऊन बघते तर मावशीच्या दाराला माझ्यापेक्षा जाड तोरण, वर आंब्याची पानं आणि खाली रांगोळी. मी मनात म्हटलं, ही बाई कडक आहे, हिच्यापासून जपून राहायचं. पुढं कळलं, माझं तोरण बघून मावशीनंही अगदी हेच म्हटलं होतं.

सुरुवातीला मी दर शनिवारी एसटीनं घरी जायची आणि रविवारी आईबरोबर चर्चला बसायची. मग खात्याची परीक्षा आली, जाणं सुटलं. शहरात चर्च आहेत, नाहीत असं नाही. दोन ठिकाणी जाऊन आले. तिथं माणसं चांगली होती, पण उपासना संपल्यावर कुणी “कुणाची गं तू?” असं विचारलं नाही. आमच्याकडं ते विचारल्याशिवाय उपासना संपत नाही. मग रविवार मला मोठा व्हायला लागला. खोलीत एकटीनं गाणं म्हणायचं म्हटलं तरी पलीकडं मावशी.

आणि मावशीचा टीव्ही! रविवारी सकाळी भाऊ शेतात गेले आणि वहिनी भजनाला देवळात गेल्या की तो सुरू व्हायचा. पौराणिक मालिका, देवांची युद्धं, शंखनाद. भिंत थरथरायची. एका रविवारी मी पुस्तक आपटून उठले आणि भांडायच्या तयारीनं दार वाजवायला गेले. तेवढ्यात टीव्हीवर साबणाची जाहिरात लागली आणि त्या साबणाच्या खालून एक चाल ऐकू आली. आई भात लावताना म्हणते ते येशूचं गाणं, आमच्या मावची बोलीतलं.

जाहिरात संपली, शंख वाजला, चाल विरली. मी दार वाजवलं.

दार चार बोटं उघडलं. फटीत मावशीचा एक डोळा.

“काय शे?”

“मावशी, ते गाणं...”

“कोनतं गानं? टीव्ही शे तो.” आणि दार बंद.

पुढचा आठवडा आम्ही दोघींनी एकमेकींवर पाळत ठेवून काढला. नळावर मी हंडा ठेवला की ती यायची. एकदा एकदम मावचीत विचारलं, “चर्चचे पाळक कोण तुमच्या गावचे?” मी नाव सांगितलं. तिनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि अहिराणीत नळाला शिव्या दिल्या.

“मंग दारले तोरण कसाले लायं व्हतं?”

“तुम्ही कशाला लावलं होतं?”

“मन्हं वेगयं शे,” मावशी म्हणाली आणि हंडा उचलून गेली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात आईचा फोन. मावशीनं चिंचपाड्याच्या कुठल्याशा मामीकडून आमच्या पाड्यापर्यंत माझी चौकशी नेली होती. गावीतांची मुलगी खरंच आपली का, हे कळायला एवढं लागलं; पण जाता जाता ती चर्चला जात नाही, वडापाव खाऊन राहते आणि दाराला तोरण लावते, हेही सगळ्यांना कळलं. आई जे बोलली ते मी शिपायासमोर उभं राहून ऐकलं.

रविवारी दार पूर्ण उघडलं. माझ्या चपला गोणीत गेल्या.

आत सतरंजीवर दाविदआबा बसले होते, निवृत्त वॉचमन, मांडीवर ढोलकी आणि ढोलकीवर टॉवेल, म्हणजे आवाज दबावा. नर्सिंगच्या दोन मुली होत्या. एक गवंडी, त्याची बायको आणि तान्हं मूल. आणखी दोनचार माणसं. दर रविवारी थोडंफार कमीजास्त. एवढी ती मंडळी. पाळक महिन्यातून एकदा यायचे, एरवी मावशीच सगळं. मावशी पूर्वी एका दवाखान्यात आया होती, त्यामुळं तिला सगळेच पेशंट वाटायचे. कुणी जोरात “आमेन” म्हटलं की ती तोंडावर बोट ठेवायची.

“हयू, बाई, हयू. देव बहिरा नही.”

“मग टीव्ही एवढा मोठा कशाला?”

“तो देवसाठे नही. शेजारसाठे शे.”

नियम असा, की मालिका चालू असताना गाणं ओठातल्या ओठात. जाहिरात लागली की आवाज चढवायचा, कारण जाहिराती मालिकेपेक्षा मोठ्यानं लागतात. मावशीचा एक डोळा बायबलवर आणि एक पडद्यावर. तिनं हात वर केला की आम्ही सगळे एकदम सुटायचो, हात खाली आला की गप्प. कितीतरी कडवी आम्ही मसाल्यावर सुरू करून सिमेंटवर संपवली. मावशीचा स्वतःचा आवाज मात्र खणखणीत. तो दाबताना तिच्या मानेच्या शिरा फुगायच्या.

हसू यायचं, पण भीती खरी होती. भाऊंना कळलं आणि त्यांनी खोली सोडा म्हटलं, तर मी दुसरी शोधली असती. मावशीला कोण देणार होतं? आणि ही दहाबारा माणसं कुठं बसणार होती? गवंड्याच्या एका खोलीत तर चूल आणि खाट यांच्यामध्ये पाय ठेवायला जागा नाही. मोटरसायकल दारासमोर थांबली तरी प्रार्थना मध्येच तुटायची. सगळे दाराकडं बघत बसायचे, ती पुढं जाईपर्यंत.

मावशीच्या हुशारीचा एक परिणाम तिच्याही लक्षात आला नव्हता. दर रविवारी पौराणिक मालिका एवढ्या मोठ्यानं लावणारी बाई कॉलनीत दुसरी नव्हती. वहिनी सगळ्यांना सांगायच्या, “आमनी भाडेकरू मावशी इतली देवभोळी शे ना, माय! रविवारना दिन तिन्हा घरमातून देवना आवाज बंद व्हत नही.”

श्रावणातल्या एका रविवारी देवळाला रंग द्यायचं काम निघालं आणि भजनी मंडळाला बसायला जागा राहिली नाही. वहिनींना जागा एकदम सुचली.

आम्ही प्रार्थनेत होतो. दार वाजलं.

“मावशी! उघाडा. आम्ही शेतस!”

मावशीनं फटीतून बघितलं. बाहेर वहिनी, मागं कॉलनीतल्या तीन बाया, हातात टाळ आणि प्रसादाचं ताट. मावशीचा चेहरा मी तसा कधी बघितला नव्हता. आत नर्सिंगच्या मुलींनी बायबलं ओढणीखाली घेतली. गवंड्यानं मूल छातीशी धरलं. मागच्या दाराला जायला वाट नव्हती.

“आज आमनं भजन तुमनाकडे,” वहिनी आत येत म्हणाल्या आणि थांबल्या. “अरे! तुमनं बी मंडय शे का? सांगं नही कव्हय!” मग त्यांना मी दिसले. “गावीत मॅडम, तुम्ही बी?”

“त्या नही,” मावशी घाईनं म्हणाली. “त्या टीव्हीना आवाज कमी करा, सांगाले उन्यात.”

म्हणजे स्वतःचं घर बुडत असताना बाई माझी नोकरी वाचवत होती. मला बरं वाटलं आणि लगेच रागही आला. मी एवढं शिकले ते कुणाच्या पदराआड लपायला नाही.

“नाही, वहिनी,” मी म्हटलं. “मी बसायलाच आलेय.”

वहिनींनीच टीव्ही बंद केला. बाया सतरंजीवर बसल्या. समोरासमोर दोन मंडळं आणि मध्ये प्रसादाचं ताट.

“थांबनात कसाले? म्हना ना,” वहिनी म्हणाल्या.

सगळे आबांकडं बघायला लागले. शेवटी दाविदआबांनी टॉवेल काढला आणि ढोलकीवर थाप टाकली. त्यांनी गाणं मोठ्या अकलेनं निवडलं. भजनाची चाल, आणि पहिल्या कडव्यात नुसतं ‘दयाळू देवा, पायाशी जागा दे’ एवढंच. बायांनी टाळ धरले. वहिनींनी मान डोलावली. पण दुसऱ्या कडव्यात पहिलाच शब्द येशू. ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून आम्ही पहिलं कडवं पुन्हा म्हटलं. मग पुन्हा. आबा कडवं संपत आलं की डोळे मिटायचे आणि परत पहिल्यावर यायचे. कितव्यांदा म्हणतोय याचा हिशेब राहिला नाही.

वहिनींनी टाळ थांबवले.

“हाई गानं मी ऐकेल शे,” त्या म्हणाल्या. “काका म्हनेत ना, सायकल पुसता पुसता! वरथून चाल तेवढी ऐकू ये माले. पुढलं कडवं बी म्हनेत त्या.” त्या मावशीकडं वळल्या. “काका कव्हय येतस? त्यास्लेच बसाडू म्हनाले.”

काका म्हणजे मावशीचे यजमान. ते गावी शेती बघतात, असं कॉलनीत सगळ्यांना माहीत होतं. मी खोली घेतली तेव्हाच ते गावी होते, म्हणून मलाही तेवढंच माहीत होतं. पण दाविदआबांनी हात ढोलकीवरून काढून मांडीवर ठेवले आणि गवंड्याच्या बायकोनं खाली बघितलं.

“त्या नही येवाव,” मावशी म्हणाली.

“काब्र?”

“गयात त्या. होयीना आगे. गावले गयथात, तठेच गयात.”

होळी होऊन पाच महिने झाले होते.

“होयीना आगे?” वहिनींचा विश्वास बसेना. “आनि मंग आखाजीना सनले मी खापरवरन्या पोया दिन्यात, काकाले धाडा म्हनीसन...”

“मीच खाद्यात.”

“आमले सांगं काब्र नही, मावशी?”

मावशी उभीच होती. दाराच्या कडीवर हात. “सांगती तं तुम्ही दारवर बसाले येतात. दहावं कोठे, राख कोठे टाकी, इचारतात. मी काय सांगती? आमनामा जायतस नही, वहिनी. पुरतस. आम्ही येशूना लोक शेतस.”

झालं. इतके दिवस चपला लपवून, जाहिरातींत गाऊन जे सांभाळलं होतं ते तिनं स्वतःच्या तोंडानं सांगून टाकलं. एक बाई उठली. “मी जास,” म्हणाली, ताटही घेतलं नाही आणि गेली. बाहेर जाता जाता तिनं मोबाईल काढलेला मला दिसला.

वहिनी उठल्या. मला वाटलं, याही निघाल्या. त्या दारापर्यंत गेल्या, डोक्यावर पदर घेतला आणि उंबऱ्याजवळ जमिनीवर बसल्या. आमच्या भागात कुणाच्या घरी मयत झाली की बाया जशा दारावर जाऊन बसतात तशा. उरलेल्या दोघींनी एकमेकींकडं बघितलं आणि त्यांच्याजवळ सरकून त्याही बसल्या.

“घरना मानूसले मी सांगसू,” वहिनी म्हणाल्या. “त्या काय म्हनतीन ते माले ठाऊक नही. खोटं नही बोलाव मी.” मग थोडं थांबून, “तुमनामा मयतीना घर काय करतस?”

“गानं म्हनतस,” मावशी म्हणाली. “रातभर म्हनतस.”

“काकासाठे म्हनं का आठे?”

मावशीनं मान हलवली. नाही.

“मंग म्हना.”

आबांनी दुसरं कडवं उचललं. आम्ही सगळे त्या शब्दावर आलो आणि कुणी आवाज उतरवला नाही. मावशीनंही तोंड उघडलं. त्या खणखणीत बाईचा आवाज काही निघेना. ती तशीच भिंतीला टेकत खाली बसली आणि वहिनी उंबऱ्यापासून सरकत सरकत तिच्यापर्यंत गेल्या. तिच्या वाट्याचं कडवं आम्हीच म्हणत राहिलो.