सुभेदार तात्यांचा आतला बल्ब

अंधुक दिसायला लागलं की माणसं डोळे तपासून घेतात. आमच्या मेढ्यातले शेजारी, सुभेदार तात्या, बल्ब बदलायचे. वर्षभरात त्यांनी घरातला एकही बल्ब जुना ठेवला नाही. स्वयंपाकघरात तर एवढा उजेड केला, की त्यांच्या पत्नी हौसाकाकू म्हणाल्या, "आता भाकरी तव्याबिगर भाजंल."

"मालच खराब येतोय रं," तात्या मला सांगायचे. "फौजेत शंभर पावलांवरनं मानूस वळखायचो."

आता दहा पावलांवरून त्यांनी दोरीवरच्या माझ्या रेनकोटाला "कोन हाय तिथं?" म्हणून दरडावलं. उत्तर आलं नाही, तेव्हा घरी येऊन तक्रार केली, "तुझा पावना लय गुर्मीत हाय गड्या."

चष्मा तीनदा बदलला. तिन्ही चष्मेवाले बोगस ठरले. समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्याभोवती फुलबाजी फुटल्यासारखं दिसायचं. त्याला जबाबदार आजकालचे ड्रायव्हर. मी डोळ्यांच्या डॉक्टरांचं नाव काढलं, की विषय बंद.

आणि एके सकाळी तात्या स्वतःच इस्त्रीचे कपडे घालून माझ्या दारात हजर. "गाडी काढ. साताऱ्याला जायाचं. डोळं दावायचं."

काकूही सोबत आल्या. डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, "मोतीबिंदू आहे. डोळ्याच्या आतलं भिंग गढूळ झालंय. चष्मा बदलून ते निवळत नाही. ते काढून नवं बसवायचं."

"म्हंजी आतला बल्ब गेलाय," तात्या म्हणाले.

"तसंच समजा."

ऑपरेशनच्या दिवशी आत जाण्याआधी त्यांनी माझं मनगट धरलं.

"तात्या, भीती वाटतीय?"

"लय. हळू बोल, ती ऐकंल." त्यांनी बाकावरच्या काकूंकडे मान वळवली. "तिच्याबी दोन्ही डोळ्यांत हेच हाय. लपवती. म्हैनाभर चहात साखरंच्या जागी मीठ पडतंय. मी गुमान पितो. आपरेशन म्हनलं की रडती. म्हनलं, आदी आपुन जाऊन यावं."

अर्ध्या तासानं ते बाहेर आले. एका डोळ्यावर पट्टी, छाती पुढं. काकूंच्या शेजारी बसून सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "कायबी दुखलं न्हाई! मुंगीबी चावली न्हाई."

काकूंनी चाचपत त्यांचा चेहरा शोधला. पट्टीच्या कडेवरून बोट फिरवलं.

"तुमी संगं येनार आसाल तर," त्या शेवटी म्हणाल्या.

"आत सोडत न्हाईत गं," तात्या म्हणाले. या वेळी आवाज अगदी खाली आला होता. "पन दाराम्होरं हुबा ऱ्हातो. तू भाईर येस्तवर."